पाव किलो पेढे, एक विशेषण

एप्रिल महिन्यात सरकारी कचेरीत दोन गोष्टी वाढतात, ऊन आणि नम्रता. उन्हाचं कारण भूगोलात आहे. नम्रतेचं कारण असं, की ३१ मार्चला वर्ष संपलं की साहेब लोक हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहायला बसतात. वर्षभर साहेबांच्या केबिनवरून खाकरत जाणारी माणसं त्या महिन्यात तिथून पावलं न वाजवता जातात.

गोपनीय अहवाल म्हणजे माणसाच्या स्वभावाची सरकारी नोंद. शेवटी प्रतवारी असते. त्यात 'चांगला' या पायरीच्या वर 'निश्चित चांगला' अशी एक पायरी आहे. ही ज्याने शोधली त्याला मी मानतो. नुसता 'चांगला' शेरा मिळालेला माणूस वर्षभर अनिश्चित अवस्थेत फिरत असतो, हे खात्याने इतक्या सभ्यपणे सांगितलं आहे की त्याला अपीलसुद्धा करता येत नाही.

१९९८ साली आमचे साहेब हे अहवाल इंग्रजीत लिहीत. कारभार मराठीतून करावा अशी परिपत्रकं येत, तीही साहेब इंग्रजीत शेरा मारून फाइल करत. त्या वर्षी आस्थापना शाखेतल्या एका लिपिकाने मला जिन्यात गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कानात सांगितलं, "तुमचं बघितलं. साहेबांनी तुम्हाला 'कॉम्प्लेसंट' लिहिलंय."

मला शब्द माहीत नव्हता. पण शब्दाला चेहरा असतो. 'कम्प्लीट' आणि 'एक्सलंट' यांचं लग्न होऊन हे अपत्य झालं असावं, असं मला त्या जिन्यातच वाटलं. दुपारी मी पाव किलो पेढे आणले. शाखेत अकरा माणसं होती, शिपाई धरून बारा. प्रत्येकाला एक आणि त्या लिपिकाला दोन. कशाबद्दल म्हणून विचारलं तर मी डोळे मिटून, "असंच, वरिष्ठांची कृपा," म्हणत होतो.

घरी आल्यावर जुना इंग्रजी-मराठी कोश काढला. कानाने ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंग हुडकणं म्हणजे गर्दीत आवाजावरून माणूस शोधणं. बराच वेळ सी-ओ-एमच्या गल्लीत हिंडल्यावर एक शब्द सापडला. पुढे अर्थ होता : आत्मसंतुष्ट.

मी आणखीच खूश झालो. आत्मसंतुष्ट! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की स्थितप्रज्ञ कसा ओळखावा. तेव्हा श्रीकृष्ण जे पहिलं लक्षण सांगतो, ते जवळजवळ हेच आहे. आईला सांगितलं, तर तिने देवापुढे साखर ठेवली. साहेबांनी आपल्यातला स्थितप्रज्ञ ओळखला, या आनंदात मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, ज्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमात होता, त्यांनी पेढ्याचं कारण खोदून काढलं. मग चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "अहो, याचा अर्थ, तुमच्या हातून काम होत नाही आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नाही."

गीतेत जो माणूस मोक्षाच्या दारात उभा असतो, तोच कचेरीत आला की त्याची वेतनवाढ धोक्यात येते. भाषांतरात काय हरवतं यावर पुष्कळ विद्वानांनी लिहिलं आहे. माझे पाव किलो पेढे हरवले.

त्या शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात गेलो. ठरवलं होतं, की इंग्रजीत माणसाच्या स्वभावाला जेवढे म्हणून शब्द आहेत तेवढे शिकायचे आणि एक दिवस साहेबांना त्यांच्याच भाषेत, त्यांना लागेल पण सिद्ध करता येणार नाही असं, काहीतरी सुनवायचं. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून विक्रेत्याने न विचारता एक पुस्तक काढून दिलं. माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असावं. नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. हे पुस्तक अमेरिकेत १९४९ साली निघालं आणि आपल्याकडे ते अजून म्हातारं झालेलं नाही. आपल्या शहरांत जिथे जिथे फुटपाथ आणि बेरोजगार पदवीधर या दोन गोष्टी एकत्र आढळतात, तिथे ते मिळतं.

माझी प्रत आधी कुणाची तरी होती. पहिल्या तीसेक पानांवर पेन्सिलीने ओळी मारलेल्या, समासात कोरीव अक्षरात मराठी अर्थ. पुढे ओळी विरळ होत गेल्या, अक्षर घाईचं झालं, आणि पन्नाशीच्या आसपास एका पानावर चहाचं वर्तुळ. त्यापुढे पुस्तक कोरं, जसं छापखान्यातून आलं तसं. नंतर मी अनेकांच्या प्रती मुद्दाम चाळून पाहिल्या. पेन्सिल साधारण तिथेच थांबते. म्हणून माझं असं मत झालं आहे, की महाराष्ट्रातल्या सुशिक्षित माणसाला इंग्रजीतले स्वभाव दहाच ठाऊक असतात, कारण त्या पुस्तकाच्या पहिल्या खऱ्या प्रकरणात दहा स्वभाव शिकवले आहेत. अमुक माणूस 'इंट्रोव्हर्ट', तमुक 'एक्स्ट्रोव्हर्ट' आणि आपण स्वतः मात्र 'ॲम्बिव्हर्ट', हे सांगणारे मला पुढे इतके भेटले की चहाचं वर्तुळ कुठल्या पानावर असेल हे मी चेहऱ्यावरून सांगू लागलो.

त्याच प्रकरणात लुईस यांनी 'इगोइस्ट' आणि 'इगोटिस्ट' असे दोन वेगळे प्राणी दाखवले आहेत. मधे फक्त एका 'टी'चा फरक. पहिला फक्त स्वतःचं भलं पाहतो, दुसरा सतत स्वतःबद्दल बोलतो. मी हे दोन दिवस घोकत होतो. बायकोने भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "एवढं काय त्यात? पहिला आपलपोट्या आणि दुसरा बढाईखोर. पहिले तुमचे थोरले मामा, दुसरे धाकटे." मामांचा उल्लेख सोडला तर उत्तर बरोबर होतं. मामांचा धरला तरी होतंच.

'मिसोगॅमिस्ट' म्हणजे लग्न या गोष्टीचा तिटकारा असलेला, हा शब्द माझ्या आयुष्यात आला तेव्हा लग्नाला बारा वर्षं झाली होती. योग्य शब्द योग्य वेळी न भेटण्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

नवी विशेषणं मी आधी घरी चालवून पाहायचो, कारण कचेरीत धाडस नव्हतं. एकदा भांडण रंगात आलं असताना मी बायकोला म्हणालो, "तू अलीकडे फार इरॅसिबल झाली आहेस." ती थांबली. भांडणात आमच्या घरी कुणी थांबत नाही, त्यामुळे मला वाटलं की बाण लागला. ती म्हणाली, "मराठीत बोला, म्हणजे उत्तर देता येईल." मी म्हणालो, "शीघ्रकोपी." तिला हसू आलं. मी दुर्वास ऋषींचं नाव घेतल्यासारखं तिला वाटलं. शेवटी मी "चिडकी" म्हणालो. त्यानंतर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्या रात्री मला इंग्रजी विशेषणांचा खरा उपयोग कळला. ती लागत नाहीत. हातमोजे घालून थप्पड मारल्यासारखं आहे. आवाज होतो, वळ उठत नाही. साहेब लोक गोपनीय अहवाल इंग्रजीत का लिहितात याचा उलगडाही त्याच रात्री झाला.

एकीकडे आम्ही ही अवघड विशेषणं घोकतो, आणि दुसरीकडे सोपी म्हणून जी घेतली त्यांचं काय केलं ते पाहा. मराठीत 'पर्सनॅलिटी' म्हणजे उंची. "काय पर्सनॅलिटी आहे!" असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो तो सहा फुटांच्या आसपास असतो. पाच फूट तीन इंचांच्या माणसाला पर्सनॅलिटी आहे असं मी अजून ऐकलेलं नाही. 'कॅरेक्टर'चा अर्थ इतका आकसला आहे की तो शब्द आपण आवाज खाली आणूनच उच्चारतो. 'प्रॅक्टिकल' म्हणजे मयताला न येता फोन करणारा. 'फ्रँक' म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या घराला नावं ठेवणारा. 'होमली' हा शब्द स्थळांच्या जाहिरातींत आपण किती मायेने वापरला! अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला सुमार असा होतो. सुदैवाने अमेरिकेतली स्थळं आपल्याच माणसांची असतात, म्हणून त्या मुलींची लग्नं झाली. आणि 'टेन्शन' तर आपण दत्तकच घेतलं. ते आपल्याला येतं, आपण ते घेतो, दुसऱ्याला देतो, आणि कुणी फारच घेतलं तर त्याला सांगतो की घेऊ नकोस. हळदीकुंकवाच्या वाणासारखं ते घरोघर फिरतं. मूळ इंग्रजांना त्याची एवढी देवघेव जमलेली नाही.

नॉर्मन लुईस माझ्या हातून सुटले नाहीत, पण वेग बेताचा होता. वर्षाला एक प्रकरण. मग २००९ साली मुलगी जीआरईच्या तयारीला लागली आणि घरात शब्दांचा पूर आला. त्या परीक्षेत तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असत. पुढे २०११च्या ऑगस्टपासून ते प्रश्न काढून टाकले, पण आमचं घर आधीच रंगून झालं होतं. बॅरन्सच्या जाड पुस्तकात साडेतीन हजार शब्दांची यादी होती. मुलीने त्यांच्या चिठ्ठ्या करून भिंतीभर चिकटवल्या. आरशावर 'व्हेन', म्हणजे पोकळ दिमाखाचा. माझ्या आरामखुर्चीच्या मागे 'इंडोलंट', म्हणजे आळशी. फोनजवळ 'गॅर्युलस', म्हणजे वाचाळ, आणि फोनवर बहुधा तिची आई असायची. देव्हाऱ्याखालच्या जागेत तिने 'सँक्टिमोनियस' लावला. माझ्या आईने विचारलं, "हे काय गं?" नात म्हणाली, "भक्तीचं सोंग करणारा." ती चिठ्ठी संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत काही टिकली नाही.

आई चौथी पास. पण नातीचा अभ्यास तिनेच घेतला. रात्री जेवणं झाली की मुलगी अर्थ वाचायची आणि आई सुपारी कातरत शब्द द्यायची.

"टॅसिटर्न. फार कमी बोलणारा."

"घुमा."

"मिसॅन्थ्रोप. माणसं न आवडणारा."

"माणूसघाणा. तो वरच्या मजल्यावरचा."

"सायकोफंट. वरिष्ठांची खोटी स्तुती करणारा."

"लाळघोट्या." इथे दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी नोकर होतो, एवढंच त्याचं कारण असावं.

"क्वेरुलस. सारखी तक्रार करणारा."

"कुरकुऱ्या," आई म्हणाली आणि थांबली. "तुमच्या साहेबानं आमचाच शब्द नेलेला दिसतोय." तसं काही नाही, त्या शब्दाचा उगम लॅटिनमध्ये आहे. पण नात हसली आणि तो शब्द तिच्या डोक्यातून पुन्हा कधी गेला नाही. मी मात्र अस्वस्थ होतो. साडेतीन हजारांतल्या ज्या शब्दांसाठी मी दहा वर्षं झटत होतो, ते आईच्या सुपारीच्या डब्यात पडून होते.

एकाच शब्दाला ती अडली. 'ॲम्बिव्हलंट'. एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी दोन उलट भावना असणं. आईने अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "त्याला वेगळा शब्द कशाला हवा? रोज तसंच तर असतं."

पुढे मुलगी अमेरिकेला गेली. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, इथे या साडेतीन हजारांतला एकही शब्द कुणी बोलत नाही. सगळं 'ऑसम' असतं. बसला जागा मिळाली तरी ऑसम." आमच्या भिंतीवर चिठ्ठ्यांच्या चिकटपट्टीचे पिवळे डाग अजून आहेत.

मुलगी गेल्यावर तिची पुस्तकं माझ्याकडे आली. तेव्हा मला नवा नाद लागला, शब्दांची कुळी काढण्याचा. लुईस यांचा सारा डोलारा लॅटिन आणि ग्रीक मुळांवरच उभा आहे, तेव्हा चूक त्यांची आहे. हा नाद वाईट. स्थळाची चौकशी करायला जावं आणि मुलाच्या पणजोबांनी काय उद्योग केले ते ऐकून यावं, तसं होतं.

'सुपरसिलियस' हा शब्द मी साहेबांसाठी खास राखून ठेवला होता. तुच्छतेने पाहणारा, शिष्ट. ऐकायला एखाद्या गंभीर आजारासारखा वाटतो. त्याचं मूळ शोधलं तर निघाली भुवई. लॅटिनमध्ये भुवईला जो शब्द आहे त्यावरून हा झाला, कारण असली माणसं भुवई उंचावून बोलतात. 'रँकर', म्हणजे मनात धरलेला आकस, त्याचं मूळ सापडलं ते वास मारणाऱ्या पदार्थात. तेल जुनं झालं की त्याला इंग्रजीत जो 'रॅन्सिड' शब्द लावतात, तोच याचा सख्खा भाऊ. म्हणजे काय झालं? खवट. आमच्या कोकणातल्या आत्याबाई जावेला 'खवट मेली' म्हणायच्या, तेव्हा त्यांना रोमच्या दोन हजार वर्षांचा पाठिंबा होता. फक्त रोमन लोकांना तेलाचा वास आठवत असणार आणि आत्याबाईंना खोबऱ्याचा.

'एन्थुझिअ‍ॅझम' तर मला फारच आवडतो. ग्रीकांच्या लेखी त्याचा अर्थ, माणसात देव शिरणे. आपण म्हणतो अंगात येणं. नोकरीसाठीच्या अर्जात आपली मुलं लिहितात, की आपण फार 'एन्थुझिॲस्टिक' आहोत. मुलाखत घेणाऱ्याला ग्रीक येत असेल तर त्याने लिंबू आणि हळदकुंकू तयार ठेवायला हरकत नाही. 'कँडिड', म्हणजे मनमोकळा, प्रांजळ, हा आला पांढऱ्या रंगावरून. आणि निवडणुकीतला 'कँडिडेट'ही त्याच घरातला, कारण जुन्या रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक पांढराशुभ्र झगा घालून मतं मागत. पोशाख आपण जसाच्या तसा ठेवला आहे. 'स्टोइक', सुखदुःख समान मानणारा, त्याच्या मुळाशी अथेन्सची एक ओसरी आहे. ते तत्त्वज्ञ तिथे बसून बोलत. ओसरीवर बसून जगाकडे अलिप्तपणे पाहणारी माणसं आमच्या वाड्यातही होती, फक्त त्यांना कुणी स्टोइक म्हणायचं नाही. रिकामटेकडे म्हणायचे.

आणि 'मेलन्कली'. कवींचा लाडका शब्द, किती हळवा! त्याचा अर्थ काळं पित्त. शरीरात चार रस असतात, आणि ज्याच्यात काळं पित्त वाढतं तो उदास होतो, असं जुने ग्रीक वैद्य मानत. रक्त वाढलं की माणूस आशावादी, पिवळं पित्त वाढलं की तापट, कफ वाढला की थंड. ते शास्त्र केव्हाच मोडीत निघालं, पण शब्द राहिले. आपल्याकडेही पित्त अजून खवळतं. फरक इतकाच, की त्यांनी त्यावर कविता केल्या आणि आमच्या घरी आमसुलाचं सार केलं.

२०१७ साली शशी थरूर यांनी ट्विटरवर 'फरागो' हा शब्द वापरला आणि अख्खा देश कोशाकडे धावला. मीही धावलो. माझा त्यातला स्वार्थ होता, कारण असा शब्द साहेबांना लावता आला तर बरं. उगम पाहिला, तर गुराढोरांना घालायचा मिश्र चारा! म्हणजे आमच्या गावी म्हशीपुढे ठेवतात ते आंबोण. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या नव्या पुस्तकाची वार्ता देताना एकोणतीस अक्षरांचा शब्द काढला. तो मी इथे लिहीत नाही, संपादक जागेची मोजदाद करतात. त्याचा अर्थ, एखाद्या गोष्टीला कवडीचीही किंमत न देणं. आमच्याकडे हे काम हिंग करतो. "हिंग लावूनही विचारत नाही" म्हटलं की झालं. एकोणतीस अक्षरं घालवून एखाद्याला कस्पटासमान लेखणं मला पटत नाही. एवढे श्रम घेतले म्हणजे त्याला काहीतरी किंमत दिलीच की.

हे सगळं उलट्या दिशेने करणारा एक माणूस होऊन गेला, त्याची आठवण मला त्या दिवसांत फार यायची. जेम्स मोल्सवर्थ. कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून झाला, दुसरी आवृत्ती १८५७ची, त्यात साठ हजारांच्या घरात शब्द. माझ्यापुढे 'इरॅसिबल' होता, त्याच्यापुढे 'हुरहूर', 'रुखरुख', 'चुटपुट', 'धाकधूक', 'तगमग', 'घालमेल' असतील. त्याला आमचे शास्त्री मदतीला होते हे खरं. पण 'रुखरुख' म्हणजे काय हे एखाद्या शास्त्रीबुवांनी गोऱ्या साहेबाला कसं समजावलं असेल, याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं.

कारण हे शब्द अर्थाने कळत नाहीत, आवाजाने कळतात. धाकधूक ही काळजाचीच नक्कल आहे. निकाल लागायचा असतो तेव्हा ती होते, लागला की जाते. हुरहूर काही होण्याआधीही लागते आणि झाल्यावरही. तिला कारण लागत नाही, संध्याकाळ पुरते. रुखरुख वर्षानुवर्षं मुक्कामाला असते, घरातल्या जुन्या भाडेकरूसारखी. आणि चुटपुट अगदी लहान गोष्टीची लागते. पाहुणे रिक्षात बसून गेले, आणि मग लक्षात येतं की त्यांच्यासाठी बांधलेला लाडवांचा डबा ओट्यावरच राहिला. त्यात दुःख नाही, पश्चात्तापही नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. पाहुण्यांना तर लाडू होते हे ठाऊकही नाही. तरी चार दिवस त्या डब्याकडे पाहवत नाही. मुलीला मी फोनवर विचारलं, याला तुझ्या साडेतीन हजारांत काय आहे? ती म्हणाली, "रिग्रेट." मी म्हणालो, रिग्रेट तर नोकरी नाकारल्याच्या पत्रात असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फार 'पेडँटिक' झाला आहात." हा शब्द मला माहीत होता. म्हणून लागला.

मी २०१८ साली निवृत्त झालो. २०२२च्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. नोव्हेंबरात पेन्शनरला आपण जिवंत आहोत हे पटवून द्यावं लागतं. आणि त्या यंत्रावर, आयुष्यभर कागद मोजून ज्याचा अंगठा पुसट झाला आहे, त्याला ते सोपं जात नाही. माझ्या पुढे एक वयस्क गृहस्थ चौथ्यांदा अंगठा टेकवत होते. मागे वळले. साहेब!

चोवीस वर्षं मी त्या क्षणासाठी तयारी केली होती. पाच विशेषणं, चढत्या क्रमाने, उच्चारांसकट. भुवईवालं तिसऱ्या क्रमांकावर होतं.

साहेबांनी डोळे बारीक केले. "अरे वा! तुम्ही! आहात का?"

"हो साहेब," मी म्हणालो, "दाखला मिळाला की नक्की सांगतो."

साहेब हसले. त्यांना मी असं हसताना नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली, रुमालाने त्यांचा अंगठा पुसून यंत्रावर नीट धरला, आणि पाचव्या खेपेला ते जिवंत निघाले. पाच विशेषणं घशातच राहिली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुम्ही तेव्हाही असेच होतात. कुठल्या कामाला नाही म्हणाला नाहीत, सगळ्यांचं मन राखलंत. मी एका वर्षी तुमच्या गोपनीय अहवालात तसं लिहिलंही होतं."

मी घरी आलो आणि चपला न काढता कोश घेतला. सी-ओ-एमची ती गल्ली. चोवीस वर्षांपूर्वी ज्या शब्दापाशी थांबलो होतो, त्याच्या जवळच दुसरा उभा होता. उच्चार जवळजवळ तोच. याच्यात 'सी'च्या जागी 'एस', 'ई'च्या जागी 'ए' आणि मधे एक 'आय'. दोघांचा लॅटिन पूर्वजही एकच. अर्थ : दुसऱ्याच्या मर्जीने वागणारा, मन राखणारा, नाही न म्हणणारा.

साहेबांनी यातला कोणता लिहिला होता? त्या लिपिकाने पाहिलं एक आणि उच्चारलं दुसरं, असं झालं का? की साहेबांचंच स्पेलिंग चुकलं? की त्यांनी तेव्हा एक लिहिलं आणि म्हातारपणी त्यांना दुसरं आठवलं? कागद आता कुठे असणार! जुन्या दप्तराच्या निंदणीकरणात केव्हाच गेला असेल. खुर्ची दिली, अंगठा पुसला, सगळं केलं. "साहेब, स्पेलिंग काय होतं हो?" एवढं विचारायचं तेवढं राहिलं. पुढच्या नोव्हेंबरात मी मुद्दाम त्याच तारखेला, त्याच वेळेला रांगेत उभा राहिलो. साहेब दिसले नाहीत. मोबाइलवरून दाखला देत असतील, आता तशीही सोय झाली आहे.

तेव्हापासून मला जे वाटतं आहे त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे कुणा वाचकाला ठाऊक असेल तर कृपया कळवावं. 'रिग्रेट' कळवू नये, तो पाहून झाला आहे. आणि शब्द कळवताना स्पेलिंग अवश्य लिहावं.